शुभ सकाळच्या खाली

हिंगोलीच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली, पर्स मांडीवर घेतली आणि अनुसयाने सवयीने मोबाईल उघडला, तर गल्लीच्या ग्रुपवर तो गुलाब. गुलाबाशेजारी चहाचा कप, वर सोनेरी अक्षरांत शुभ सकाळ आणि कोपऱ्यात उगाचच दोन कबुतरं. पाठवणारे अप्पा, म्हणजे तिचे वडील तातेराव. त्यात नवीन काही नव्हतं. पहाटे उठायचं, चूळ भरायच्या आधी ग्रुपवर गुलाब टाकायचा, मग पिठाच्या गिरणीचं शटर वर करायचं, हा त्यांचा नेम होता. पण आज त्या गुलाबाच्या खाली बारीक करड्या अक्षरांत एक ओळ उमटली होती. विश्वजीतने ग्रुपची सेटिंग बदलली होती आणि आता फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकत होते. त्या ओळीखाली पडदा रिकामा होता. तिने बोटाने वर ढकलून पाहिलं, खाली ओढून पाहिलं, ग्रुप बंद करून पुन्हा उघडला. गुलाब, ती ओळ आणि खाली काही नाही. गाडी अजून स्टँडमधून हललीसुद्धा नव्हती.

डोंगरकड्याच्या पेठ गल्लीचा हा ग्रुप म्हणजे कधी तोंड मिटेल ही अपेक्षाच करू नये असा. कुणाची शेळी चुकली, कुणाकडची लाईट गेली आणि ती सगळ्यांचीच गेली की आमचीच, हळदीला आज वसमतला काय भाव निघाला, कुणाच्या नातवाचं जावळ, कडुलिंबाच्या पाल्याने बरे होणारे असाध्य रोग, पुन्हा शेळी, ती सापडली. अनुसया सेनगावला शाळेत शिकवायची. तिच्या स्वतःच्या पालक ग्रुपवर तिने कडक नियम लावले होते: शुभ सकाळ नको, फुलं नकोत, देव नकोत, फक्त शाळेचं बोला. गल्लीच्या ग्रुपला तिने नियम सांगायचा एकदा प्रयत्न केला तेव्हा अप्पांनी उत्तरादाखल दुप्पट मोठा गुलाब पाठवला होता. धाकटा भाऊ विश्वजीत अ‍ॅडमिन खरा, पण नावापुरता. ग्रुपला कुलूप कसं लावायचं हे दिवाळीत तिनेच त्याला दाखवलं होतं, आणि तो म्हणाला होता, "अक्का, आपल्या गल्लीला कुलूप लावून राहिलीस व्हय? लोक भिंतीवरून उड्या मारून येतील." आज कुणी उडी मारली नव्हती. सगळी गल्ली त्या कुलपामागे गप्प उभी होती, आणि ती गप्प का आहे हे खिडकीशी बसलेल्या अनुसयाला समजत चाललं होतं.

सकाळी दुसऱ्या तासाला विश्वजीतचा फोन आला होता. "अक्का, अप्पाची तब्येत जरा जास्त झाली. घाबरू नको. पन निघ." ती म्हणाली, "बोलतेत का रे?" तो म्हणाला, "डाक्टर बघून राहिले. तू निघ. आन कायतरी खाऊन निघ." नवरा दोन दिवसांसाठी लातूरला ट्रेनिंगला होता. त्याला कळवलं, तर तो म्हणाला, मी परस्पर तिकडेच येतो, तू नीट जा, आणि सारखा मोबाईल बघत बसू नको. लग्नाला इतकी वर्षं झाली, मोबाईल बघू नको असं हा माणूस तिला कधी म्हणाला नव्हता, कारण तो स्वतः जेवतानाही बघायचा. सेनगावहून हिंगोलीपर्यंत जीपमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसताना तिने ही दोन्ही बोलणी मनात उलटीपालटी करून पाहिली होती. तब्येत जास्त झाली, असं खरोखर तब्येत जास्त झाल्यावरही म्हणतातच. बापाला छातीत कळ आली तर भाऊ दुसरं काय म्हणणार? खाऊन निघ, हे मात्र खटकलं होतं. खाऊन निघ हे वाक्य विश्वजीतचं नव्हतं. ते अप्पांचं होतं.

गाडी निघाली. कंडक्टरकडून तिने डोंगरकड्याचं अर्धं तिकीट घेतलं. शेजारी डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर मोबाईल अशी एक बाई येऊन बसली, आणि बसल्याबरोबर तिने आवाज मोठा ठेवून मोबाईलवर रील लावले. एका बाईने सुनेच्या कानाखाली मारली, मागून खो-खो हसण्याचा आवाज आला, मग ढोल वाजले, मग एक बुवा ओरडला. एरवी अनुसयाने गोड आवाजात, शाळेतल्या आवाजात, तिला हेडफोनबद्दल सांगितलं असतं. आज तिला तो गोंगाट बरा वाटला. हिंगोली मागे पडली तसा दोन्ही बाजूंनी शिजवलेल्या हळदीचा वास येऊ लागला. रानोरान भट्ट्या पेटल्या होत्या, पत्र्याच्या मोठ्या ड्रममधून वाफ उठत होती आणि पिवळ्या हळकुंडांचे ढीग उन्हात पसरलेले होते. ह्या वासाचं आणि अप्पांच्या पाठीचं तिच्या मनात कधीपासून एक नातं होतं, कारण लहानपणी हळदीच्या दिवसांत ती त्यांच्या राजदूतवर मागे बसून, त्यांच्या शर्टाला नाक लावून फिरलेली होती, आणि त्या शर्टाला पीठ, पेट्रोल आणि हळद असे तिन्ही वास असायचे.

पेठ गल्लीतली पहिली मोटारसायकल अप्पांची. गिरणी चांगली चालायची, तेव्हा हौस म्हणून घेतली, आणि घेतली त्याच महिन्यात तिला एक काम चिकटलं ते कायमचं. गावात कुणी गेलं की परगावी दिलेल्या लेकींना आणायला कुणी जायचं? तातेराव. फोन नव्हते, आणि पुढे आले तेव्हाही ही बातमी फोनवर द्यायची नाही असा गावाचा रिवाज होता. अप्पांना त्या कामाचा अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत. माणूस तसा बढाईखोरच. दुसऱ्याच्या दुःखात जाताना धुतलेला शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालणारा. पण पद्धत मात्र त्यांनी घालून घेतली होती आणि ती कधी मोडली नाही. लेकीच्या सासरी गेल्यावर आधी घरातल्या मोठ्या माणसाला बाजूला घेऊन सांगायचं. लेकीला एवढंच म्हणायचं की तब्येत जास्त झाली, चल. तिने भाकर खाल्ल्याशिवाय तिला गाडीवर बसवायचं नाही, कारण पुढे दोन दिवस तिच्या पोटात अन्न जाणार नसतं. वाटेत ती विचारते, पुन्हा पुन्हा विचारते, तेव्हा कापसाचं बोलायचं, पावसाचं बोलायचं. आणि गाव यायच्या जरा अलीकडे, रस्त्याच्या कडेला लिंबाखाली हापसा आहे तिथे गाडी उभी करायची, तिला ओट्यावर बसवायचं, स्वतः समोर बसायचं आणि सांगायचं. तिथे ती रडली की तिला एकटाच माणूस बघतो. मग हापशाचं पाणी मारून, तोंड धुवून, पदर सावरून ती दारात जाते, आणि शंभर माणसांपुढे तिला कोसळावं लागत नाही. गोम एकच होती. पंचक्रोशीत राजदूतचा आवाज ओळखीचा होऊन बसला. जवळ्याला, बाळापूरला, कुठल्याही गल्लीत ती फटफट ऐकू आली की डोंगरकड्याच्या लेकी हातातलं काम टाकून दारात यायच्या. मग अप्पा गल्लीच्या तोंडालाच इंजिन बंद करू लागले आणि ती जड गाडी ढकलत दारापर्यंत नेऊ लागले. थोड्याच दिवसांत ढकलत येणारी राजदूतही ओळखीची झाली.

अनुसया तेव्हा सातवी-आठवीत असेल. एकदा ती त्यांच्याबरोबर होती, आणि ढकलून त्यांना दम लागलेला पाहून तिने विचारलं होतं, "अप्पा, गाडी बंद केली तरी त्यायला कळतंच की. मंग काहून ढकलता?" अप्पा थांबले, शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. "कळतंय ना. समद्यांला कळतंय. पन आपून समोर बसून सांगस्तोवर ते कळलेलं धरायचं न्हाई. तेवढा येळ त्या पोरीचा असतो." तिला तेव्हा ते काही उमगलं नव्हतं. मोठेपणी उमगलं असं तिला वाटायचं, आणि आता गाडी कळमनुरीच्या दिशेने धावत असताना तिच्या ध्यानात आलं की उमगायला आजचा दिवस उजाडावा लागला. विश्वजीतने ग्रुपचं इंजिन बंद केलं होतं. बिचाऱ्याने विचार केला असेल की कुणाच्या हातून चुकून काही पडायला नको, अक्का गाडीत असेल, तिच्या हातात मोबाईल असेल. आणि इतकं करताना त्याच्या डोक्यात आलं नाही की कधी न मिटणारं तोंड मिटलं तर अक्काला दुसरं काय समजणार. त्याच्या ह्या भाबडेपणाचं तिला हसू आलं. तिने खिडकीची काच सरकवली आणि वारा तोंडावर घेतला.

"कुठं निघाल्या बाई?" शेजारच्या बाईने विचारलं. रील चालूच होते.

"डोंगरकडा."

"माहेर?"

"व्हय. गिरणीवाल्या तातेरावांची लेक मी."

"आगं बया. तातेराव म्हनजे ते राजदूतवाले? आमच्या जावेला त्यायनंच नेलतं, तिची माय गेली तवा. मी बाळापूरची गंगूताई. लई भला मानूस. बरे हायत ना?"

अनुसया म्हणाली, "तब्येत जरा जास्त झाली म्हनून फोन आला." आपल्या तोंडून ते शब्द इतके सरळ निघाले ह्याचं तिलाच नवल वाटलं. गंगूताईंनी च्च केलं, होईल बरं म्हणाल्या आणि पुन्हा मोबाईलमध्ये शिरल्या.

समोर बसून सांगायचा हा नियम मोबाईलच्या जगात आणला तोही अप्पांनीच, आणि तो आणावा लागला मुन्नीमुळे. जहांगीर शिंपी हा अप्पांचा जिवलग. गिरणीला लागून त्याचं दुकान, मधल्या भिंतीत एक मोठी फट, आणि त्या फटीतून दोघांचं दिवसभर भांडण. त्याची मुन्नी जवळा बाजारला दिलेली. जहांगीरची बायको जैनबबी गेली तेव्हा अप्पा साठी ओलांडलेले, तरी धुतलेला शर्ट घालून राजदूतवर निघाले. ते पोचायच्या आधी गल्लीतल्याच कुणीतरी जैनबबीचा फोटो स्टेटसला लावला होता. हात जोडलेले, खाली फुलं, वर मोठ्या अक्षरांत भावपूर्ण श्रद्धांजली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आपल्याला सगळ्यांच्या आधी माहीत आहे, एवढंच दाखवायचं होतं. त्या दिवशी आठवडी बाजार. मुन्नी मेथीच्या जुड्या निवडत होती, पिशवीत मोबाईल वाजला म्हणून तिने बघितला, आणि बाजाराच्या ऐन गर्दीत, चिखलात, तिला आई गेल्याचं कळलं. अप्पा पोचले तेव्हा ती भाजीवालीच्या पोत्यावर बसलेली होती आणि भोवती माणसांचं कडं. परत येताना हापशापाशी त्यांनी सवयीने गाडी थांबवली, पण सांगायला काही उरलं नव्हतं. दोघं नुसतीच बसून राहिली. त्या रात्री ते जेवले नाहीत असं विश्वजीत म्हणाला. अनुसयाला फोन करून ते एवढंच म्हणाले होते, "माज्या आधी फोटो पोचला गं." त्यांच्या आवाजात एवढी हार तिने ना आधी ऐकली होती ना नंतर.

दुसऱ्या आठवड्यात अप्पांनी गिरणी बंद ठेवून सगळ्या गल्लीला अंगणात बोलावलं. ज्याच्या हातात मोबाईल त्याने यायचं, म्हणजे पोरंसोरं, सुना, म्हातारे सगळेच. अनुसया सुट्टीला आलेली होती, ती मागे उंबऱ्यावर उभी होती. अप्पांनी कुणाचं नाव घेतलं नाही, कुणावर ओरडले नाहीत. ते म्हणाले, "तुमच्या हातातली गाडी माज्या राजदूतपेक्षा लई जोरात पळती. मला आनंद हाय. पन गाडी जेवढी जोरात, तेवढं ब्रेक मारायचं भान पायजे. आजपसून ह्या गल्लीत कुनी गेलं, तर त्याची लेक घरी येईस्तोवर फोटो न्हाई, हात जोडलेले न्हाई, कायबी न्हाई. कबूल असंल त्यानं गिरणीच्या जात्यावर हात ठेवून सांगावं." मग एकेक जण पुढे आला. तो स्टेटसवाला मुलगाही आला, खाली मान घालून. जहांगीरचाचा सर्वांत शेवटी आले आणि त्यांनी हात ठेवला तो बराच वेळ उचललाच नाही. नंतर गल्लीत मरणं झाली, म्हाताऱ्यांची झाली, अपघाती झाली, आणि हा शब्द पाळला गेला. अनुसयाला आपल्या शाळेतल्या सहकाऱ्यांपुढे हे सांगताना केवढी ऐट वाटायची. आमच्या गल्लीत लेक पोचेपर्यंत कुणी स्टेटस लावत नाही, हे ती असं सांगे की जसं काही गल्लीला कुणी पदक दिलंय. त्या नियमाची परीक्षा एक दिवस आपल्याच अंगावरून जाणार आहे हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. आता ती परीक्षा चालू होती. घराच्या दारात पोचेपर्यंत मोबाईलवरून तिला काही कळलं नाही तर अप्पा जिंकले. कळलं, तर ज्याने नियम केला त्याच्याच लेकीपाशी तो मोडला, आणि मग उद्यापासून तो कुणी का पाळावा?

कळमनुरी मागे पडल्यावर तिला राहवलं नाही. बघायचं नाही हे ठरवूनही तिने स्टेटसची यादी उघडली, आणि गल्लीतली एकेक माणसं शोधू लागली. समोरच्या घरातली सून, जी रोज स्वयंपाकाचे फोटो लावायची, तिचं काही नाही. आज ज्याच्या मुलाचा वाढदिवस होता, त्याने लावलेला केकचा फोटो तिने शाळेत जाताना पाहिला होता, तोही आता दिसेना. म्हणजे त्याने काढून टाकला. स्वतःच्या पोराचा वाढदिवस त्याने पुसून ठेवला, कारण तिला तो आज बघावा लागला असता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते अप्पांसाठी की त्या केकसाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. एवढे सगळे लोक, ह्या क्षणी आपापल्या घरात, अंगणात, अप्पांच्या भोवती, हातात मोबाईल असून बोटं आवरून बसलेले. बोट आवरणं केवढं अवघड असतं हे तिला वर्गातल्या मुलांवरून आणि स्वतःवरूनही माहीत होतं. तिला एकदम उभं राहून गाडीतल्या माणसांना सांगावंसं वाटलं की बघा, हे आमचं गाव. मग यादीच्या अगदी वर एक नवं नाव आलं आणि त्याभोवती हिरवं कडं. पिंटू बाळापूरकर.

पिंटू म्हणजे ह्या भागातला भावी पुढारी. कशाचा पुढारी ते अजून ठरायचं होतं. कुणाचं लग्न, कुणाचा निकाल, कुणाचं मरण, काहीही असो, पिंटूच्या फलकावर मूळ माणूस अंगठ्याएवढा आणि पिंटू गॉगल घालून अर्ध्या जागेत. त्याने पंचक्रोशीतल्या सगळ्यांचे नंबर मिळवले होते. तो पेठ गल्लीतला नव्हता, जात्यावर हात त्याने ठेवला नव्हता. ते हिरवं कडं आणि तिचा अंगठा ह्यांच्यात बोटभर अंतर होतं. कडं नुकतंच उमटलेलं होतं. उघडलं तर काय दिसेल हे तिला माहीत होतं, आणि तरी अंगठा तिकडे ओढ घेत होता, खपली काढायला बोट जावं तसा. एकदा बघून टाकलं की ही धाकधूक संपेल, असंही मनात आलं. कुणाला कळणार आहे? पण पिंटूला कळेल. कुणी कुणी बघितलं ही यादी त्याच्याकडे जाईल आणि त्यात तिचं नाव असेल, आणि ते गावभर होईल की तातेरावच्या लेकीला मोबाईलवरच समजलं. आणि कुणालाच कळलं नाही, तरी तिला स्वतःला कळणारच होतं. अप्पा ती जड गाडी ढकलत होते तेव्हा समोरच्याला सगळं कळतंय हे त्यांनाही ठाऊक होतं. ते ढकलत राहिले. तिने मोबाईल पालथा करून मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवले. त्या घडीला तिला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो वाटल्याची लाज वाटली नाही.

शेजारचे रील अचानक बंद झाले. अनुसयाने मान वळवली नाही, पण बाजूला सगळं थांबल्याचं तिला जाणवलं. गंगूताईंच्या हातातल्या मोबाईलचा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता आणि त्या हलत नव्हत्या. पिंटूचा नंबर बाळापूरच्या माणसाकडे असणारच. थोड्या वेळाने त्यांनी मोबाईल हळूच पिशवीत खाली, अगदी कपड्यांच्या तळाशी सरकवला. आता ह्या काही बोलतील, ह्या भीतीने अनुसयाने बाहेर केळीच्या बागेवर नजर रोवून ठेवली. गंगूताईंनी पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकर काढली, तिच्यावर ठेचा होता, तिचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा पुढे धरला.

"खाऊन घे बाई."

"भूक न्हाई मावशी."

"नसंना का. तुज्या बापानं आमच्या जावंला खायला लावलं तवाच गाडीवर बसवलं व्हतं. खा."

मघापर्यंत तुम्ही म्हणणारी बाई आता एकेरीवर आली होती. अनुसयाने तुकडा घेतला. पहिला घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. मग उतरला. गंगूताई यंदाच्या तुरीबद्दल बोलू लागल्या, शेंगा कशा पोचट निघाल्या, मळणीला माणसं मिळेनात, आणि ह्या बोलण्याला काही अंत नव्हता, आणि त्या मुद्दामच अंत येऊ देत नव्हत्या. पेठ गल्लीत कधी पाय न ठेवलेली, अप्पांना एकदाच पाहिलेली ही बाई त्यांचं काम त्यांच्याच पद्धतीने करत होती. अनुसया भाकर खात राहिली, तुरीला हो हो म्हणत राहिली, आणि तिला वाटलं की अप्पांनी हे बघायला हवं होतं. त्यांनी ते दहा ठिकाणी वाढवून सांगितलं असतं.

बाळापूर आलं तशा गंगूताई उठल्या, दोन पावलं गेल्या, परत आल्या. "संभाळून जा," म्हणाल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून उतरल्या. अनुसयाने मोबाईल सुलटा केला. स्टेटसच्या यादीत पिंटूचं नाव नव्हतं. तिने पुन्हा नीट पाहिलं. त्याने काढून टाकलं होतं. कुणीतरी त्याला फोन केला असणार, विश्वजीतने, नाहीतर गल्लीतल्या चार-पाच जणांनी एकदमच. तो आपला गॉगल घालून मुकाट्याने ऐकत असेल. ती पुन्हा ग्रुपवर गेली. गुलाब, ती करडी ओळ आणि खालची ती रिकामी जागा. मघाशी त्या जागेने तिला भीती घातली होती. आता तिला ती अंगणासारखी झाडून ठेवलेली वाटली, आणि अप्पांच्या शेवटच्या शुभ सकाळवर अजून कुणीच काही टाकलेलं नव्हतं.

गाव यायच्या अलीकडे गाडीचा वेग कमी झाला. रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा हात वर करून उभा होता. ड्रायव्हरने ब्रेक मारला तसा तो दाराशी आला आणि वर बघून ओरडला, "तातेरावची लेक हाय का गाडीत?" जहांगीरचाचा. अनुसया उतरली. गाडी निघून गेल्यावर धूळ खाली बसली आणि लिंबाखाली, हापशाजवळ, तिला राजदूत दिसली. जहांगीरचाचांना गाडी चालवता येत नव्हती, आयुष्यात कधी आली नव्हती. त्यांनी ती घरापासून इथवर ढकलत आणली होती. त्यांच्या अंगात, शिवण काढून कधीतरी दुरुस्त केलेला, पण धुतलेला शर्ट होता आणि तो घामाने पाठीला चिकटला होता.

"बस बेटी," ते ओट्याकडे बोट दाखवून म्हणाले. ती बसली. ते समोर बसले, गुडघे धरून, हळूहळू. तिच्या मनात होतं की आता आपल्याला नुकतंच कळल्यासारखं करावं लागेल, आणि ते जमेल की नाही.

"बेटी, तुझे अप्पा गेले. सकाळी गिरणी चालू करायला म्हनून गेले, आन जात्यापाशी बसले ते बसलेच. मी फटीतून आवाज दिला. तकलीफ झाली न्हाई त्याला, एवढं मी बघितलं."

तिला काही करावं लागलं नाही. वाटभर जे तिने मनात धरलं होतं ते ह्या आवाजापुढे काहीच नव्हतं. ते आता कळलं, आत्ता, ह्या माणसाच्या तोंडून, आणि ती मोठ्याने रडली, लहानपणी रडायची तशी, कसलाही संकोच न करता. थोड्या वेळाने चाचा उठले आणि हापसा मारू लागले. पाणी यायला वेळ लागला. तिने तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं, केस सारखे केले.

"एक विचारू?" चाचा हापशाचा दांडा धरूनच म्हणाले. "मोबाईलवर तर न्हाई ना कळलं तुला? खरं सांग. आमी समद्यांनी लई संभाळलं. माहेरी आलेली मुन्नी सकाळधरनं मोबाईल घेऊन दारात बसलीय, कुनी कायी टाकतंय का बघत. त्या बाळापूरच्या पोराला तिनंच झापलं. पन काय सांगता येतं? कुठं कळलं तर न्हाई ना?"

अनुसयाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे तिच्या तोंडावर खिळलेले होते, निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

"न्हाई चाचा," ती म्हणाली. "मोबाईलवर कायबी न्हवतं. नुसता अप्पाचा गुलाब व्हता."

चाचांचे खांदे खाली आले. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा नीट बसवली, आणि गावाकडे तोंड करून, जणू तिथे कुणीतरी उभं असावं तसे म्हणाले, "सुनलं का रे तातेराव?" मग खिशातून मोबाईल काढून त्यांनी विश्वजीतला फोन लावला. "सांगितलं तिला. मी सांगितलं, समोर बसून. खोल आता ग्रुप."

राजदूतचं एक हॅन्डल त्यांनी धरलं, दुसरं तिने. गाडी जड होती आणि चढ होता. दोघांनी मिळून ती ढकलायला सुरुवात केली. चार पावलं गेल्यावर अनुसयाच्या पर्समध्ये मोबाईल थरथरू लागला, आणि घराचं दार येईपर्यंत तो थांबला नाही.